रेमंड हंट

चार्ल्स रेमंड हंट (१९०८ – १९७८) हे अमेरिकन नौकारचनाकार आणि शिडाच्या नौकांच्या शर्यतींतील निष्णात नाविक होते. रे हंट या नावाने ते अधिक परिचित आहेत. कॉन्कॉर्डिया ही शिडाची नौका, फोम व फायबरग्लास यांपासून बनलेली बॉस्टन व्हेलर ही छोटी मोटरनौका आणि मोटरनौकांचा खोल ‘व्ही’ आकाराचा तळ ही त्यांची प्रमुख कामे होत. मासेमारीसाठी व सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या मोटरनौकांच्या रचनेवर त्यांचा दूरगामी प्रभाव पडला. मात्र त्यांच्या ज्या रचनेची सर्वाधिक नक्कल झाली, तिचे पेटंट त्यांना टिकवता आले नाही.

प्रारंभिक जीवन

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावरील डक्सबरी येथे हंट लहानपणीच शीड हाताळण्यास शिकले. १९२३ व १९२५ या वर्षी कुमार नाविकांसाठीच्या सिअर्स चषक स्पर्धेत त्यांच्या संघाने विजेतेपद मिळवले. नौकारचनेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. वारा, लाट आणि नौकेचा तळ यांचे परस्परसंबंध त्यांनी प्रत्यक्ष पाण्यावरच्या निरीक्षणातून जाणले. पुढे बॉस्टन येथील नौकारचनाकार फ्रँक पेन यांच्या कार्यालयात त्यांनी काम केले. त्यानंतर वाल्डो हाउलँड यांच्यासह ते कॉन्कॉर्डिया कंपनीच्या कामात सहभागी झाले.

शिडाच्या नौका

सप्टेंबर १९३८ मध्ये न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आले. त्यात हाउलँड यांच्या वडिलांची नौका नष्ट झाली. तिच्या जागी हंट यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने सुमारे ४० फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची नवी लाकडी नौका आखली. तीच पुढे कॉन्कॉर्डिया या नावाने प्रसिद्ध झाली. १९६६ पर्यंत या आराखड्याच्या १०३ नौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी ९९ नौका जर्मनीत तयार झाल्या.

१९३९ साली हंट यांनी ‘११०’ या नावाची २४ फुटी शर्यतीची नौका आखली. ती प्लायवूडची असून तिचा तळ सपाट व दोन्ही टोके निमुळती होती. फळ्यांना बाक देण्याचे कौशल्य नसलेल्या हौशी माणसालाही असा साधा आकार घरी बांधणे शक्य होते. चांगली नौका केवळ धनिकांचीच असावी असे नाही, हा विचार या आराखड्यातून दिसतो.

फोम व फायबरग्लासची नौका

हंट यांचे परिचित रिचर्ड फिशर हे एका विद्युत-उपकरण कंपनीचे चालक होते. हलक्या व न बुडणाऱ्या नौकेची कल्पना त्यांच्या मनात दीर्घकाळ घोळत होती. १९५४ च्या सुमारास पॉलियुरेथेन या नव्या कडक फोमची माहिती त्यांना मिळाली. त्यांनी या फोमला अनुरूप अशी छोटी शिडाची नौका तयार करून ती हंट यांना दाखवली. हंट यांना या बांधणीचे महत्त्व पटले. परंतु तिचा उपयोग मोटरनौकेसाठी करावा, असे त्यांनी सुचवले. त्यासाठी त्यांनी अल्बर्ट हिकमन यांच्या ‘सी स्लेड’ या जुन्या नौकेच्या तळाचा आधार घेतला. या तळाला दोन बाजूंना दोन कणे असून मध्ये उलट्या ‘व्ही’सारखी पोकळी होती.

१९५६ मध्ये झालेल्या चाचण्यांत ही नौका स्थिर व भार पेलणारी ठरली. तथापि मधल्या पोकळीतून हवेचे बुडबुडे मागे जात आणि प्रोपेलरची पाण्यावरील पकड सुटे. फिशर यांनी नौका चालवून पाहणे, तळात भर घालणे आणि ती पुन्हा पाण्यात उतरवणे हा क्रम चालू ठेवला. अखेर मध्यभागी तिसरा कणा जोडण्यात आला आणि दोष दूर झाला. त्यामुळे बॉस्टन व्हेलरचा मूळ आराखडा हंट यांचा असला, तरी तिच्या अंतिम तळाचे श्रेय फिशर यांच्याकडेही जाते. १३ फूट ४ इंच लांबीची ही नौका १९५८ साली बाजारात आली.

तिच्या बांधणीत बाहेरचे व आतले अशी फायबरग्लासची दोन कवचे स्वतंत्र साच्यांत तयार केली जात. साचे एकमेकांवर घट्ट बसवून मधल्या जागेत द्रवरूप रसायन ओतले जाई. ते फुगून कडक फोम बने आणि दोन्ही कवचांना चिकटे. एकेकटे कवच लवचीक असले, तरी ठरावीक अंतरावर जखडलेली दोन कवचे अतिशय ताठ होतात. पन्हळी पुठ्ठा याच तत्त्वावर मजबूत ठरतो. फोममधील पोकळ्या बंद असल्यामुळे तळाला भोक पडले, तरी नौका तरंगत राहते. १९६१ साली ‘लाइफ’ नियतकालिकात नौकेत बसलेल्या फिशर यांच्यासमोर ती करवतीने मधोमध कापली जात असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यानंतर इंजिन असलेला मागचा अर्धा भाग ते स्वतः चालवत घेऊन गेले.

घरी एकच नौका बांधणाऱ्याला दोन मोठे साचे परवडत नाहीत. तो लाकडी सांगाड्यावर फोमच्या पट्ट्या बसवतो, बाहेरून फायबरग्लास व रेझिनचे थर देतो आणि नौका उलटवून आतून तसेच थर देतो. पद्धत वेगळी असली, तरी दोन कवचे व मधला हलका गाभा हे तत्त्व तेच आहे. फोम व कवच यांची पकड सुटली, तर दोन्ही पद्धतींत नौकेचा ताठपणा नाहीसा होतो.

खोल ‘व्ही’ तळ व पेटंट

त्या काळातील वेगवान मोटरनौकांचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असे. त्यामुळे लाटांवर त्या जोराने आपटत. हंट यांनी तळाचा तीव्र उतार थेट मागच्या टोकापर्यंत कायम ठेवला आणि पाण्याने नौका वर उचलली जावी म्हणून तळावर लांबट पट्ट्या बसवल्या. अशी २३ फुटी नौका १९५८ साली न्यूपोर्ट येथे अमेरिका चषकाच्या वेळी डिक बर्ट्रम यांनी पाहिली आणि ३० फुटी नौकेची मागणी नोंदवली. ‘मॉपी’ नावाच्या या नौकेने १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी–नासाऊ शर्यत सुमारे ८ तासांत जिंकली. दुसऱ्या क्रमांकाची नौकाही हंट यांच्याच रचनेची होती. मॉपीवरून साचा काढून फायबरग्लासच्या ‘बर्ट्रम ३१’ नौका तयार करण्यात आल्या.

या रचनेची माहिती पेटंटच्या अर्जापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ आधी प्रसिद्ध झाली होती. अमेरिकन कायद्यानुसार त्यामुळे हंट यांचा दावा टिकला नाही. अनेक उत्पादकांनी तो तळ मोबदला न देता स्वीकारला आणि हंट मोठ्या उत्पन्नाला मुकले. त्याच कारणाने ही अधिक सुरक्षित रचना झपाट्याने सर्वत्र पसरली.

उत्तरकाळ व वारसा

१९६० च्या ऑलिंपिकमध्ये हंट यांनी आखलेल्या ‘मिनोटॉर’ या नौकेने ५.५ मीटर गटात सुवर्णपदक मिळवले. तिच्या चमूत त्यांचे पुत्र जेम्स हंट होते. १९६६ मध्ये हंट यांनी जॉन डेक्नाटेल यांच्यासह स्वतःची रचनासंस्था स्थापन केली. १९७८ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतरही ही संस्था कार्यरत राहिली. किनाऱ्यावरील मासेमारी, जीवरक्षण व गस्त यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक नौकांत खोल ‘व्ही’ तळ आणि फोमचा गाभा आजही आढळतो.