बंदुकीच्या धक्क्याला कामाला जुंपणारा कारागीर : जॉन ब्राउनिंग

अमेरिकेच्या यूटा प्रदेशातील ऑगडेन या गावी २३ जानेवारी १८५५ रोजी जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म झाला. वडील जोनाथन बंदुका घडवीत व दुरुस्त करीत. त्यांच्या कार्यशाळेतील मोडक्या सुट्या भागांतच जॉन यांचे बालपण गेले. नादुरुस्त बंदूक नेमकी कोठे अडते, हे शोधण्याची सवय त्यांना तेथे लागली. पुढे १२८ पेटंटे नावावर जमा झाली, तरी ती सवय सुटली नाही.

१८७९ मध्ये त्यांना पहिले पेटंट मिळाले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्यांच्या एकबारी रायफलीचे हक्क विकत घेतले आणि दोघांची जवळपास दोन दशकांची साथ सुरू झाली. कंपनी ठोक रक्कम देई आणि ब्राउनिंग आपली रचना तिच्या हवाली करीत.

या व्यवहाराला तडा गेला तो अर्धस्वयंचलित शॉटगनमुळे. बार उडाल्यावर शिकाऱ्याच्या खांद्याला बसणारा धक्का वाया जाऊ न देता त्याच बळावर रिकामे काडतूस बाहेर फेकावे आणि नवे आत भरावे, ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. बार होताच नळी व बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत मागे सरकतात. मग नळी आधी पुढे परतते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पाठोपाठ बोल्ट नवे काडतूस नळीत लोटतो.

खरी अडचण काडतुसांची होती. काही हलकी, काही जोरकस. हलक्या काडतुसाने नळी पुरती मागे सरकत नसे. मग रिकामे काडतूस खिडकीतच अडके किंवा नवे वर येत नसे. जोरकस काडतुसाने भाग एकमेकांवर आदळून नळीखालचे लाकूड तडकण्याची भीती असे. ब्राउनिंग यांनी यावर साधा उपाय योजला. काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्यावर त्यांनी घर्षणाचा ब्रेक व पोलादी कडे बसविले. जोरकस काडतुसांसाठी कडे स्प्रिंग आणि ब्रेक यांच्या मध्ये ठेवायचे, म्हणजे ब्रेक घट्ट आवळला जातो. हलक्या काडतुसांसाठी तेच कडे स्प्रिंगच्या मागच्या टोकाला न्यायचे, म्हणजे नळी मोकळेपणी सरकते.

म्हणूनच ही बंदूक अडू लागली, की जाणकार कारागीर आधी ती पूर्ण रिकामी असल्याची खात्री करतो आणि मग कड्याची जागा व काडतुसाचा जोर यांचा मेळ पाहतो. त्यानंतर नळकांड्याकडे वळतो. तेथे गंज वा घाण साचली असेल, तर नळी अर्ध्यावर थांबते. तेल फार झाले असेल, तर ब्रेक निसटतो आणि धक्का वाढतो. स्प्रिंग बदलण्याचा विचार त्यानंतरचा. अनेकदा दोष यंत्रात नसून जुळणीत असतो.

या रचनेसाठी ब्राउनिंग यांनी ठोक रकमेऐवजी विक्रीतील वाटा मागितला. विंचेस्टरने तो नाकारला. १९०२ च्या जानेवारीत ते रेमिंग्टन कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीस गेले. परंतु त्याच दिवशी हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर ब्राउनिंग बेल्जियमला गेले आणि लिएजनजीकच्या एफएन कारखान्याने बंदूक स्वीकारली. ‘ऑटो-५’ या नावाने ओळखली जाणारी ही बंदूक पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित शॉटगन ठरली. पुढे परवाना घेऊन रेमिंग्टननेही ती बनविली. ‘ऑटो-५’चे उत्पादन १९९८ पर्यंत चालले.

ब्राउनिंग यांच्या इतर रचना रणांगणावर पोहोचल्या आणि त्यांनी अपरिमित संहारही घडविला. त्यांच्या चरित्राची ही बाजू नजरेआड करता येत नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएनच्या कारखान्यातच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७१ वर्षांचे होते. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले एक पिस्तूल द्यूदोने सैव्ह यांनी पूर्ण केले. त्याच रचनेचे ९ मिलिमीटर पिस्तूल पुढे बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागले आणि ऑगडेनच्या या कारागिराची विद्या भारतीय जवानांच्या हातीही आली.