विश्लेषण : धडधडणाऱ्या हृदयाचे कोडे सोडवणारे सर थॉमस लुईस

रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करताना एखाद्याची छाती अचानक धडधडू लागते. नाडी मिनिटाला 150-180 वर जाते आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होते. लाखांदूरहून भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत ईसीजी अगदी साधा निघतो. भीतीमुळे झाले असेल, असे समजून रुग्ण घरी परततो. खरे उत्तर धडधड सुरू असतानाच्या कागदी पट्टीवर असते. ती पट्टी वाचायला डॉक्टरांना शिकवणाऱ्यांत पहिले नाव थॉमस लुईस यांचे.

जादूगार व्हायचे होते...

लुईस यांचा जन्म 1881 साली वेल्समधील कार्डिफचा. वडील खाण अभियंता. लहानपणी त्यांना हातचलाखीचे प्रयोग करण्याचे वेड होते. घरी येणारे डॉक्टरही त्यात तरबेज होते. त्यांच्याकडे पाहूनच या मुलाने वैद्यकाची वाट धरली. 1905 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधून ते डॉक्टर झाले.

1908 मध्ये त्यांची गाठ जेम्स मॅकेन्झी यांच्याशी पडली. मॅकेन्झी हे बर्नली गावात अनेक वर्षे साधी प्रॅक्टिस केलेले डॉक्टर. मानेतील शीर आणि मनगटाची नाडी एकाच वेळी कागदावर उतरवणारे यंत्र त्यांनी तयार केले होते. काही रुग्णांची नाडी पूर्ण बेताल चालते आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची खूण गायब होते, हे त्यांना दिसले होते. कारण मात्र सापडत नव्हते.

लुईस यांनी ते नेदरलँड्सच्या आइन्थोव्हेन यांच्या नव्या यंत्रावर, म्हणजे आजच्या ईसीजीच्या पूर्वजावर शोधले. वरचे कप्पे थांबलेले नसून नुसते थरथरत असतात, हे त्यांनी 1909 मध्ये दाखवले. व्हिएन्नातील रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनाही त्याच वर्षी तेच आढळले. लुईस यांनी बेताल नाडीचे घोडेही तपासले. छाती उघडल्यावर ती थरथर डोळ्यांनीच दिसली. यालाच आज एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

वेग कुठून येतो?

नाडी वेगवान आहे हे कळणे सोपे, का आहे हे कठीण. कधी एखादी जागा स्वतःच भराभर ठिणग्या टाकते. कधी विजेची लाट एका वर्तुळात अडकते. मळणीचे बैल खळ्यातल्या खांबाभोवती फिरावेत तशी ती फिरत राहते, कारण एक फेरी होईपर्यंत पुढचा स्नायू पुन्हा ताजातवाना झालेला असतो. केंब्रिजच्या जॉर्ज माइन्स यांनी 1913 च्या सुमारास हे प्राण्यांच्या हृदयावर दाखवले. पुढच्याच वर्षी ते वारले. 1920 मध्ये लुईस यांनी कुत्र्याच्या हृदयात फ्लटर या विकारातील लाटेची वाट मोजली. माणसात फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला साधारण 300 वेळा धडकतात. बहुतेकदा त्यातला दर दुसरा ठोकाच खाली उतरतो. म्हणून नाडी नेमकी 150 वर अडून बसली की डॉक्टरांना फ्लटरची शंका येते.

फिब्रिलेशनही अशाच एका मुख्य वर्तुळातून होते, असे त्यांचे मत होते. ते पूर्ण टिकले नाही. पण प्रश्न विचारण्याची पद्धत टिकली.

यातली एक साखळी फार कमी जणांना माहीत असते. लुईस यांचे सहकारी ॲलन ड्रुरी यांनी 1929 मध्ये सेंट-ग्योर्गी यांच्यासह एडेनोसिन हृदय मंदावते हे दाखवले. आज हेच इंजेक्शन रुग्णालयात मॉनिटर लावून देतात. असर काही सेकंदांचा. तेवढ्या वेळात वरच्या-खालच्या कप्प्यांमधला दुवा अडतो. त्या दुव्यातून जाणारे वर्तुळ असेल तर धडधड बहुधा तिथेच तुटते. फ्लटर असेल तर ती थांबत नाही, पण लपलेल्या लाटा पट्टीवर उघड्या पडतात. औषधही तेच, तपासणीही तीच.

पुढे काय झाले?

1921 मध्ये लुईस यांना सर किताब मिळाला. काही वर्षांतच त्यांनी ईसीजी सोडून त्वचेतील रक्तवाहिन्या आणि वेदना या विषयांकडे मोर्चा वळवला. पंचेचाळिशीतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांनी सिगारेट सोडली. 17 मार्च 1945 रोजी हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले.

1967 मध्ये ॲमस्टरडॅम आणि पॅरिसच्या डॉक्टरांनी शिरेतून हृदयात तार नेऊन अशी वर्तुळे मुद्दाम सुरू करून आणि थांबवून दाखवली. आजचे ॲब्लेशन त्यातूनच आले. त्याआधी लागते ती पट्टी. धडधड सुरू असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर थेट 108.