खाँसाहेबांचा तानपुरा, मिरजेची जवारी

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की रसिकांना आठवतो तो त्यांचा तरल, टोकदार आणि सुरात विरघळून जाणारा आवाज. हा आवाज ज्या पायावर उभा होता, त्या तानपुऱ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खाँसाहेबांचे तसे नव्हते. वाद्य नुसते जुळवून घेणाऱ्यांपैकी ते नव्हते. तानपुऱ्याची जवारी ते स्वतः काढीत, बिघडलेले वाद्य स्वतः दुरुस्त करीत. गवई आणि कारागीर अशा दोन्ही नात्यांनी ते मिरजेचे झाले.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. याच गावाने घराण्याला नाव दिले. घरात गाण्याबरोबरच सारंगी आणि बीन यांची परंपरा होती. लहानपणी त्यांनी या वाद्यांचा, तसेच सतार व तबल्याचाही अभ्यास केला. स्वर लांबवणे, त्याला हलकेच मींड देणे आणि एकाच सुरावर रेंगाळणे ही किराणा गायकीची वैशिष्ट्ये. त्यामागे तंतुवाद्यांवर तयार झालेला हा कान होता.

तरुण वयात ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गायक झाले. तेथे सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांची शिष्या झाली. दोघांच्या प्रेमाला दरबारी समाजात स्थान नव्हते. अखेर दोघांनी बडोदे सोडले. राजाश्रय गेला आणि पुढचे आयुष्य मैफली, जलसे व शिकवण्यांवर काढावे लागले. मुंबईनंतर मिरज हा त्यांचा मुख्य आधार बनला. प्लेगच्या साथीत आजारी पडलेले खाँसाहेब ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यात दुआ मागून बरे झाले, अशी मिरजकरांची श्रद्धा आहे. दर्ग्याच्या उरुसात हजेरी लावण्याचा नेम त्यांनी पुढे पाळला. हिराबाई बडोदेकरांचा जन्मही १९०५ साली मिरजेचाच.

तलवारीकडून तारेकडे

खाँसाहेब आले तेव्हा मिरजेत वाद्यनिर्मिती रुजलेली होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजाचा व्यवसाय इंग्रजी अमलात ओसरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. पटवर्धन संस्थानिकांच्या संगीतप्रेमाचा त्यांना आधार मिळाला. पुढे याच घराण्यांना सतारमेकर हे आडनाव चिकटले. पंढरपूर परिसरातील मोठे, कडक कवचाचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढीजात हात यांतून मिरजेचा तानपुरा घडतो.

लाकडी सांगाडा तयार झाला म्हणजे तानपुरा झाला, असे मात्र नाही. तबलीवर बसवलेल्या घोडीचा माथा सपाट भासला तरी त्याला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घसटत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर उपस्वरांचा झंकार उठतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून हा झंकार नेमका पकडावा लागतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकू आला की तानपुरा लागला, असे गवई मानतात. या घोडीच्या करामतीवर कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला. कानस फिरवताना केसभर चूक झाली तरी घोडी वाया जाते. हे काम जाणणारा गवई कारागिराशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो. खाँसाहेब असे गवई होते.

स्वरांच्या सूक्ष्मतेचा हाच ध्यास त्यांना श्रुतिसंशोधनाकडे घेऊन गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे बावीस श्रुतींची मोजदाद करीत होते. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपल्या गळ्याची व कानाची साथ दिली. या संशोधनातून श्रुती हार्मोनियम तयार झाली, पण ती गायकांच्या पसंतीस उतरली नाही. बांधलेल्या पट्टीपेक्षा जुळवलेली तारच गळ्याला जवळची ठरली.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. शिष्यांना घरी ठेवून, खाऊपिऊ घालून ते शिकवीत. सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम ही त्यांच्या परंपरेतली ठळक नावे. पुढे ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुले संगीतात मोठी झाली, पण वडिलांचे नाव लावून नव्हे. एका मोठ्या गवयाच्या आयुष्यातील ही पोकळी कोणत्याही मैफलीने भरून निघाली नाही.

ओळख जुन्या वाद्याची

जुना तानपुरा हाती आला की तो अमुक बुवांचा, तमुक खाँसाहेबांचा असल्याचे बऱ्याचदा सांगितले जाते. जाणकार मात्र नावाआधी वाद्य पाहतात. घोडी झिजते, म्हणून ती बदललेली असू शकते. खुंट्याही बदलतात. वयाचा अंदाज बांधताना म्हणूनच भोपळा, दांडी आणि तबली यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. नक्षीकाम हाडाचे असेल तर त्यावर बारीक काळसर छिद्रे दिसतात. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी आढळते. प्लॅस्टिकमध्ये यांपैकी काहीच नसते. १९८६ व १९९१ मधील कायदेदुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाल्याने असे जुने वाद्य विकताना कायद्याचे भान ठेवावे लागते. शेवटची कसोटी अर्थातच कानाची. जुने, वाळलेले लाकूड आणि नीट काढलेली जवारी यांचा झंकार लगेच वेगळा कळतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागल्याने ते सिंगापेरुमलकोइल स्थानकावर उतरले. फलाटावरच त्यांनी दरबारी कानड्याच्या स्वरांत प्रार्थना केली आणि २७ ऑक्टोबरला प्राण सोडला, असे सांगितले जाते. त्यांचे पार्थिव मिरजेला आणून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले.

आज त्यांचा आवाज उरला आहे तो तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांत. तानपुऱ्याची जागा अनेक घरांत इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली आहे. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने नावाचे संरक्षण झाले. जवारी काढणारा हात मात्र मानांकनाने तयार होत नाही. तो कारागिराच्या शेजारी बसून शिकावा लागतो, आणि त्याचे काम पारखणारा कानही सोबत असावा लागतो. खाँसाहेबांकडे हे दोन्ही होते.