धाप लागणाऱ्या माणसाचा कॅमेरा

कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. फिल्मवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांत सगळ्यात भारी कुठला? एक जण लायकाचं नाव घेतो, दुसरा हॅसलब्लाडचं, तिसरा निकॉन एफचं. मग लेन्स, शटर, निगेटिव्हचा आकार असं सगळं बाहेर निघतं. या भांडणात उडी घ्यायची असेल, तर ऑस्कर बार्नाक हा माणूस माहीत हवा. लायका त्याचा.

बार्नाक जर्मनीतला, जन्म १८७९ चा. शिक्षणानं मेकॅनिक. १९०२ मध्ये तो येना शहरात त्सायस या नामांकित लेन्स कंपनीत लागला. सुट्टीच्या दिवशी थुरिंगियाच्या जंगलात भटकायचं आणि फोटो काढायचे, हा त्याचा छंद. पण त्या काळी कॅमेरा म्हणजे मोठं लाकडी खोकं. त्यात १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट्स, वर तिवई. हे सगळं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. आणि बार्नाकला होता दमा. दोन पावलं टाकली की धाप लागायची.

छंद सोडायचा नाही आणि ओझंही वाहायचं नाही, तर कॅमेराच लहान करायला हवा. आधी त्यानं एकाच प्लेटवर अनेक छोटे फोटो घेऊन पाहिले. मोठे करताच ते फुटले, सगळे दाणेच दाणे. प्रयत्न तिथंच थांबला.

१९११ मध्ये तो वेट्झलारच्या लाइट्स कंपनीत आला. ही कंपनी मायक्रोस्कोप बनवायची. इथं सिनेमाच्या कॅमेऱ्यावर काम करताना त्याच्या हाती ३५ मिलिमीटरची फिल्म आली. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाकनं फिल्म आडवी धावू दिली आणि चौकट दुप्पट केली, २४ बाय ३६. १९१४ पर्यंत खिशात मावेल असा धातूचा कॅमेरा तयार होता. एकच बटण फिरवलं की फिल्म पुढे सरके आणि शटरही ताणलं जाई. त्यामुळे चुकून एकावर एक दोन फोटो पडायचा प्रश्नच मिटला.

त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि हे काम मागे पडलं. कॅमेरा मात्र बार्नाकच्या हातात होता. १९२० मध्ये वेट्झलारला पूर आला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या रस्त्यांचे फोटो त्यानं त्यावरच टिपले.

खरी कसोटी १९२४ मध्ये आली. आदल्याच वर्षी जर्मनीत महागाईनं चलनाचा पार कागद करून टाकला होता. मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपनीनं अशा वेळी कॅमेऱ्याच्या धंद्यात पडायचं का? बैठकीत बराच वेळ खल झाला, विरोधही झाला. फसलं असतं तर कामगारांच्या पोटावर पाय आला असता. मालक अर्न्स्ट लाइट्स दुसरे यांनी शेवटी जोखीम घेतली. माक्स बेरेकनं लेन्स आखली आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला. लाइट्स आणि कॅमेरा मिळून झालेलं हे नाव.

स्पर्धाही लवकरच आली, तीही बार्नाकच्या जुन्या घरातून. १९३२ मध्ये त्सायसच्या गोटातून कॉन्टॅक्स बाजारात उतरला. बार्नाक लायकात सुधारणा करतच राहिला. १९३६ च्या जानेवारीत, ५६ व्या वर्षी तो गेला. कट्ट्यावर ज्याची शपथ घेतली जाते तो लायका एम-३ त्याच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी आला.

मग लायका सर्वोत्तम का? नुसतं निगेटिव्ह मोजायचं तर अजिबात नाही. हॅसलब्लाडची चौकट त्याच्या साडेतीन पटींहून मोठी. एवढंच कशाला, ज्या खोक्याला कंटाळून बार्नाकनं हा उद्योग केला, त्याची काच लायकाच्या चौकटीच्या २७ पट! तिवई लावून, निवांत उभं राहून फोटो काढायचा असेल तर ते खोकंच जिंकेल.

पण जिथं खोकं पोचूच शकत नाही, तिथं काय? आंरी कार्तिए-ब्रेसाँ हाच छोटा कॅमेरा घेऊन गर्दीत शिरायचा. १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यानं त्यावरच काढले. त्या लोंढ्यात तिवई उभी तरी कुठं करणार होता?

बार्नाकचा स्वतःचा एक कॅमेरा २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्याची चौकट मात्र फुकटात आपल्याकडे आहे. आज डिजिटल कॅमेऱ्यात आपण ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतो, तो सेन्सर म्हणजे तीच २४ बाय ३६. तेव्हा पुढच्या वेळी क्लबमध्ये कुणी सर्वोत्तम कॅमेरा कुठला असं विचारलं, तर आधी एवढंच विचारा, फोटो काढायला जायचंय कुठं आणि तिथवर तो उचलून नेणार कोण?