लेस्ली ग्रोव्ह्ज: ‘कामापुरतीच माहिती’ हा नियम राबवणारा जनरल

नवीन ॲप टाकलं की मी आधी परमिशन्स बघतो. टॉर्चच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? कामाला लागेल तेवढीच माहिती द्यायची, हा सिक्युरिटीचा नियम एका माणसाने अवाढव्य प्रोजेक्टवर राबवला होता. जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज. ‘ओपनहायमर’ सिनेमात मॅट डेमनने केलेले ऑफिसर, तेच.

जन्म १८९६चा, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीचा. वेस्ट पॉइंटमधून शिकून ते आर्मीत इंजिनिअर झाले. पेंटागॉनच्या बांधकामावर त्यांची देखरेख होती. सप्टेंबर १९४२मध्ये अणुबॉम्बचा मॅनहॅटन प्रोजेक्ट त्यांच्या हाती आला.

लाखाहून जास्त माणसं कामाला, आणि काम गुप्त! ग्रोव्ह्जनी कामाचे कप्पे पाडले. एका कप्प्यातल्याला दुसऱ्यातलं कळू द्यायचं नाही. ओक रिजमध्ये तरुण मुली डायल बघून नॉब फिरवायच्या. आपण बॉम्बसाठी युरेनियम वेगळं करतोय, हे त्यांना हिरोशिमानंतर कळलं.

पण हाच नियम अंगाशी येणार होता. युरेनियम एका जागी जास्त साठवलं तर साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते, हेच ओक रिजच्या लोकांना माहीत नव्हतं. शेवटी लॉस अलामॉसहून रिचर्ड फाइनमन तिथे गेले आणि त्यांनी धोका समजावला. म्हणजे, माणसं सुरक्षित राहण्यासाठी गुप्तता थोडी सैल करावी लागली.

ग्रोव्ह्ज स्वतःही नियमाला चिकटून बसले नाहीत. ओपनहायमर यांच्या डाव्या ओळखींमुळे सिक्युरिटीवाले क्लिअरन्स अडवून बसले होते. जुलै १९४३मध्ये ग्रोव्ह्जनी क्लिअरन्स द्यायचा थेट आदेश काढला, कारण या माणसाशिवाय काम होणार नव्हतं. उलट क्लाउस फुक्स ब्रिटिशांच्या टीममधून आला, त्यांच्या तपासणीवर विश्वास ठेवला गेला, आणि त्यानेच बॉम्बची माहिती रशियाला पुरवली.

१९५४च्या चौकशीत मात्र ग्रोव्ह्जनी सांगितलं, की आताच्या कायद्यानुसार मी ओपनहायमर यांना क्लिअरन्स देणार नाही. माणूस तोच, नियम बदलले. ओपनहायमर यांचा क्लिअरन्स गेला.

१९७०मध्ये ग्रोव्ह्ज वारले. त्यांचा नियम आपल्या फोनमध्ये अजून आहे. टॉर्चला कॉन्टॅक्ट्स नको, पण मॅपला लोकेशन लागणारच. कुणाला काय लागतं, हे ठरवायचं काम मात्र तेव्हाही माणसाचं होतं, आजही आपलंच आहे.