चार्ल्स डार्विन : बरणीतल्या बिया आणि किडे खाणारी वनस्पती



चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्याला माकड आणि माणूस एवढंच आठवतं. मुलं जन्मसाल पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण याच माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं बियांच्या मागे घालवली, हे फार कमी जणांना माहीत असतं. बी खाऱ्या पाण्यात किती दिवस जिवंत राहते? टपालाने आलेल्या चिमूटभर कचऱ्यातून रोप उगवतं का? असे प्रश्न त्यांनी घरातल्या बाटल्या आणि बशा घेऊन सोडवले. आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. जून लागला की वाटूरच्या आसपास घराघरांत बियाण्याचाच विषय असतो. म्हणून डार्विन यांची ही बाजू आपल्या मुलांना नक्की जवळची वाटेल.

बालपण आणि शिक्षण

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील डॉक्टर होते. चार्ल्स ८ वर्षांचा असतानाच आई वारली. शाळेत तो हुशार समजला जात नव्हता. किडे, दगड, शिंपले गोळा करायचे, हाच त्याचा नाद. वडिलांनी डॉक्टर होण्यासाठी एडिनबरोला पाठवलं, पण त्या काळी भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्याला बघवेनात. ते शिक्षण सुटलं. मग केंब्रिजला धर्मशास्त्राच्या वाटेवर पाठवलं. तिथे त्याला हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भेटले आणि आयुष्याची दिशाच बदलली. एका चांगल्या शिक्षकाने काय होतं, ते इथे दिसतं.

बीगल जहाज आणि मोडलेला खेकडा

हेन्स्लो यांच्या शिफारशीमुळे डार्विन यांना बीगल जहाजावर जायला मिळालं. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आलं. वाटेत गोळा केलेले प्राणी, पक्षी, वनस्पती, दगड ते पेट्यांमध्ये आणि पिंपांमध्ये भरून हेन्स्लो यांच्याकडे पाठवत.

गोळा करणं सोपं, पण नीट पोहोचवणं अवघड! सुरुवातीच्या एका पेटीतल्या मोठ्या खेकड्याचे सगळे पाय गळून पडले होते. एका पक्ष्याच्या शेपटीची पिसं चुरगळली होती. दोन उंदरांना बुरशी लागली होती. एका वस्तूची तर इतकी काजळी झाली होती की ती काय आहे, हेच कळेना. हेन्स्लो यांनी हे सगळं पत्राने मोकळेपणाने कळवलं आणि पुढच्या पेट्या कशा भरायच्या, तेही सांगितलं. शिष्याने ते मनावर घेतलं.

याच प्रवासात १८३६ साली ते हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरले. पोवळ्यांची ही बेटं जमिनीपासून फार दूर. तरी तिथे झाडं होती आणि लाटांबरोबर लांबून आलेल्या बिया किनाऱ्याला लागलेल्या होत्या. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली.

प्रश्न काय होता?

एकच जातीची वनस्पती समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडेही सापडते. हे कसं? काहींचं मत होतं, ती दोन्हीकडे वेगवेगळी निर्माण झाली. काही म्हणत, मधे पूर्वी जमीन होती आणि ती बुडाली. डार्विन यांचा विचार असा की प्रत्येक जात एकाच ठिकाणी तयार होते आणि तिथून पसरते. पण मग बी समुद्र ओलांडणार कशी? खाऱ्या पाण्यात बी मरते, असं बहुतेक सगळे धरून चालले होते. ते खरं निघालं असतं, तर डार्विन यांच्या विचाराला मोठा धक्का बसला असता. आणि गंमत म्हणजे, बी खरंच मरते का, हे करून बघण्याच्या फंदात फारसं कुणी पडलंच नव्हतं.

घरातली प्रयोगशाळा

१८५५ साली डार्विन यांनी डाऊन गावातल्या आपल्या घरी समुद्रासारखं खारं पाणी तयार केलं. ते छोट्या बाटल्यांत भरून त्यांत बिया टाकल्या. कोणत्या बिया? हळीव, मुळा, कोबी, गाजर, कांदा अशा अगदी परसातल्या! काही बाटल्या बाहेरच्या हवेत ठेवल्या, काही बर्फात. ठरावीक दिवसांनी थोड्या बिया काढून मातीत पेरायच्या आणि उगवलेल्या मोजायच्या. पाण्याला घाण वास सुटला. हळिवाला तर चिकट बुळबुळीत थर आला. लाडू करणाऱ्या आपल्या आयांना हा थर नवा नाही!

त्यांचे मित्र जोसेफ हूकर हे हिमालय फिरून आलेले मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. बिया टिकणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. डार्विन यांची मुलं मात्र रोज विचारायची, बाबा हूकरकाकांना हरवणार का? आठवडा झाला तरी बिया उगवल्या. पुढे प्रयोग वाढवत नेला. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवले. काही तर १३७ दिवस टिकले.

आता एक पंचाईत झाली. बी जिवंत राहते हे खरं, पण बहुतेक बिया पाण्यात बुडत होत्या. बुडालेली बी पलीकडे जाणार कशी? डार्विन यांनी ही अडचण लपवली नाही. विचार केला, की पुरात वाहून येणारी फांदी बऱ्याचदा वाळलेली असते. मग पिकलेली फळं असलेल्या ९४ वनस्पती वाळवून पाण्यात सोडल्या. त्यांपैकी १८ वनस्पती २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. ओलं हेझलनट लगेच बुडालं, वाळवलेलं मात्र ९० दिवस तरंगलं आणि नंतर उगवलंही. समुद्राच्या प्रवाहाचा सरासरी वेग धरून त्यांनी हिशेब केला : १०० पैकी १४ प्रकारच्या वनस्पतींच्या बिया ९२४ मैल, म्हणजे जवळजवळ १,४९० किलोमीटर जाऊनही उगवू शकतात.

टपालातून आलेल्या बिया

डार्विन यांची तब्येत नेहमी खराब असे. घर सोडून फारसं जाता येत नसे. त्यामुळे जगच त्यांच्याकडे टपालाने येई. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळहून एकाने पत्रातून टोळांच्या विष्ठेची छोटी पुडी पाठवली. त्यातल्या बिया डार्विन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या केल्या आणि त्यातून गवताची ७ रोपं वाढवली. एका जखमी तितराचा पाय आला, त्याला मातीचा वाळलेला गोळा चिकटलेला होता. तो ३ वर्षं ठेवलेला असूनही फोडून पाणी घातल्यावर त्यातून ८२ रोपं आली! तळ्याकाठचा तीन मोठे चमचे चिखल त्यांनी ६ महिने खोलीत झाकून ठेवला. उगवलेलं प्रत्येक रोप उपटून मोजलं. भरली ५३७ रोपं.

या अभ्यासातलं बरंच काही १८५९ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत आहे.

दवबिंदू : किडे खाणारी वनस्पती

१८६० च्या उन्हाळ्यात डार्विन यांना माळावर दवबिंदू ही वनस्पती दिसली. तिच्या पानांवर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकावर दवासारखा चिकट थेंब. त्यांनी १२ रोपांची ५६ पानं तपासली, तर ३१ पानांवर मेलेले किडे सापडले. पुढे त्यांनी पानांना मांस, अंडं, दूध देऊन पाहिलं. काचेचे आणि कागदाचे कपटेही ठेवून पाहिले. पान अन्न पचवतं, हे सिद्ध झालं. १८७५ साली यावर त्यांचं पुस्तक आलं.

तरी शंका उरलीच : किडे खाऊन वनस्पतीचा खरंच फायदा होतो का? याचं उत्तर त्यांच्या मुलाने, फ्रान्सिसने शोधलं. १८७७ साली त्याने सुमारे २०० रोपं सुपाच्या ६ बशांमध्ये लावली. प्रत्येक बशीत मधे लाकडी पट्टी बसवली. एका बाजूच्या पानांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या बाजूला उपाशी ठेवलं. खरा फरक बियांमध्ये दिसला. उपाशी रोपांना १०० बिया, तर खाल्लेल्या रोपांना सुमारे २४१. बियांचं एकूण वजन १०० ला जवळपास ३८० भरलं. म्हणजे किडा खाण्याचा सगळ्यात मोठा लाभ पुढच्या पिढीला!

दवबिंदू आपल्याकडेही आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर, साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसतो. त्याची बी धुळीच्या कणाएवढी असते. ती मातीत पुरायची नसते, वर नुसती भुरभुरायची, कारण तिला उगवायला उजेड लागतो. शौकीन मंडळी अशी बी कोरडी करून घट्ट घडीच्या कागदी पुडीत ठेवतात. पुडीच्या कोपऱ्याला फट राहिली की बी गळून जाते. टपालाने पाठवायची तर पुडी जाड पुठ्ठ्यामध्ये ठेवावी लागते, म्हणजे ती चिरडत नाही. मात्र मुलांना एक गोष्ट बजावून सांगा : सहलीला गेल्यावर ही रोपं बघायची, उपटायची नाहीत.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना दफन केलं.

आपल्या वर्गात काय करता येईल?

१. दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. दोन्हींत मोजून २०-२० मेथीदाणे टाका. एक दिवसाने काढून पेरा आणि आठवडाभर रोज मोजा.

२. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवड्याने कोंब मोजा. ७० किंवा जास्त आले तर बियाणं पेरणीयोग्य.

३. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं उंचावरून आदळलं तर आतला कोंब दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन मूठ दाण्यांपैकी एक मूठ उंचावरून पुन्हा पुन्हा फरशीवर टाका आणि दोन्हींची उगवण तपासा.

पालकहो, दुसरा प्रयोग पेरणीच्या आधी मुलांकडूनच करून घ्या. दुबार पेरणीचा खर्च काय असतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि शिक्षक मित्रांनो, अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्या, निकाल नंतर शेजारी लिहा. अंदाज चुकला तर पुसू नका. बुडणाऱ्या बिया डार्विन यांनी लपवल्या असत्या, तर तरंगणाऱ्या त्यांना कधी सापडल्याच नसत्या.