डॉक्टर जेम्स लिंड आणि बारा खलाशी

इ. स. १७४० मध्यें इंग्लंडच्या आरमारांतील जॉर्ज ॲन्सन हा अधिकारी सहा लढाऊ जहाजें घेऊन पॅसिफिक महासागरांतील स्पेनच्या मुलुखावर चालून गेला. निघतांना त्याच्या ताफ्यावर सुमारें १९०० माणसें होतीं. चार वर्षांनीं पृथ्वीप्रदक्षिणा करून तो परत आला, तो एकट्या ‘सेंच्युरिअन’ जहाजानिशीं. स्पॅनिशांचें एक खजिन्याचें गलबत त्यानें पकडलें होतें, व त्यावरील लूट बत्तीस गाड्यांत भरून लंडनच्या रस्त्यांतून वाजतगाजत नेण्यांत आली. लोकांनीं ती डोळे भरून पाहिली. जीं सुमारें चौदाशें माणसें परत आलीं नाहींत त्यांपैकीं शत्रूच्या हातून मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. बाकीचे रोगांनीं नेले, आणि त्या रोगांत अग्रस्थान होतें स्कर्व्हीला.

हा रोग आज आपल्या पाहण्यांत सहसा येत नाहीं, म्हणून त्याचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. खारवलेलें मांस आणि किडकीं बिस्किटें यांवर दोनतीन महिने काढले म्हणजे खलाशाच्या अंगांत कमालीचा आळस भरे. गुडघ्यांतील बळ जाई. कातडीवर निळेकाळे डाग उठत. हिरड्या सुजून दांतांवर चढत, त्यांतून रक्त वाहे, तोंडाला असह्य दुर्गंधी येई, आणि एरवीं न किडलेले दांतही खिळखिळे होऊन पडत. भरलेल्या जखमा पुन्हां उघडत. ॲन्सनच्या एका म्हाताऱ्या शिपायाची पन्नास वर्षांपूर्वीं लढाईंत झालेली जखम अशी उघडली कीं जणूं ती कधीं भरलीच नव्हती. शेवटीं एखाद्या दिवशीं बिछान्यावरून उठण्याचा यत्न करतांच माणूस एकाएकीं प्राण सोडी. हिरड्यांचें दुखणें म्हणून दंतवैद्यानें पाहावें, जखमांचें म्हणून शस्त्रवैद्यानें आणि अशक्ततेचें म्हणून औषधें देणाऱ्या वैद्यानें, असा हा विलक्षण रोग होता. आणि तिघांपैकीं एकालाही त्याचें मूळ ठाऊक नव्हतें.

ज्याचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों तो जेम्स लिंड स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें इ. स. १७१६ मध्यें एका व्यापाऱ्याच्या घरीं जन्मला. त्याच्या बालपणाविषयीं सांगण्यासारखें फार नाहीं. इ. स. १७३१ मध्यें, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्या वयाचा असतांना, तो त्याच शहरांतील जॉर्ज लँगलँड्स नांवाच्या शस्त्रवैद्याकडे उमेदवार म्हणून राहिला. पुढें इ. स. १७३९ मध्यें तो शस्त्रवैद्याचा मदतनीस म्हणून आरमारांत दाखल झाला, व भूमध्य समुद्र, आफ्रिकेचा गिनी किनारा, वेस्ट इंडीज अशा दूरदूरच्या पाण्यावर त्यानें कित्येक वर्षें काढलीं. जहाजाच्या पोटांतील अंधारी, कोंदट जागा हीच त्याची पाठशाळा. कालांतरानें ‘सॉल्झबरी’ नांवाच्या पन्नास तोफांच्या जहाजावर तो शस्त्रवैद्य झाला.

स्कर्व्हीवर औषधांचा तुटवडा मुळींच नव्हता. उलट त्यांचा सुकाळ होता. कोणी व्हिनेगर सांगे, कोणी गंधकाचा तेजाब, कोणी लसूण-मोहरी. ज्याचें त्याला आपलेंच औषध रामबाण वाटे, आणि प्रत्येकाजवळ त्या औषधानें बरा झालेला एखादा रोगी दाखवायला असे. लिंबाचा गुणही अगदीं अज्ञात होता असें नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या इ. स. १६०१ मधील पहिल्याच सफरींत कप्तान जेम्स लँकेस्टर यानें आपल्या जहाजावरील लोकांना लिंबाचा रस दिला होता. पण दहा औषधांतील तें एक, एवढीच त्याची किंमत. अमका मनुष्य अमक्या औषधानें बरा झाला, कीं तें घेऊनही बरा झाला, कीं त्याच वेळीं जेवणांत पडलेल्या दुसऱ्याच पदार्थानें बरा झाला, हें ओळखावें कसें? आमच्या घरांतूनही तापखोकल्याच्या दिवसांत हाच घोळ चालतो, हें आईबापांना सांगावयास नको.

२० मे १७४७ रोजीं, जहाज समुद्रावर असतांना, लिंडनें स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले. निवडतांना त्यानें एक दक्षता घेतली: सर्वांचें दुखणें शक्य तितकें सारखें असावें. सर्वांच्या हिरड्या सडलेल्या, सर्वांच्या अंगावर डाग, सर्वांचे गुडघे लुळे. त्या बाराही जणांना त्यानें जहाजाच्या पुढील भागांतील एकाच खोलींत ठेवलें. जेवणही सर्वांचें एकच: सकाळीं साखर घातलेली पातळ पेज, दुपारीं बहुधा ताज्या मटणाचें सूप, कधीं हलकें पुडिंग किंवा साखर घालून शिजवलेलें बिस्किट, आणि रात्रीं जव व मनुका, तांदूळ व बेदाणे असें कांहींतरी. मग त्यानें त्यांच्या सहा जोड्या केल्या. पहिल्या जोडीस रोज सुमारें एक लिटर सायडर, म्हणजे सफरचंदाचें मद्य. दुसरीस गंधकाच्या तेजाबापासून केलेल्या अर्काचे पंचवीस थेंब दिवसांतून तीन वेळां, व त्याच्याच गुळण्या. तिसरीस दोन-दोन चमचे व्हिनेगर, तेंही दिवसांतून तीनदां. चौथ्या जोडींतील दोघे सर्वांत अधिक आजारी होते. त्यांच्या वांट्यास समुद्राचें पाणी आलें, कारण त्या काळीं तेंही औषध मानलें जाई. पांचवीस रोज दोन नारिंगें व एक लिंबू. सहावीस लसूण, मोहरी, वाळलेला मुळा, हिराबोळ इत्यादि कुटून केलेलें जायफळाएवढें चाटण.

सहाव्या दिवशीं जहाजावरील फळें संपलीं. पण तोंपर्यंत निकाल लागला होता. फळें खाणाऱ्या दोघांपैकीं एक कामावर जाण्याजोगा झाला. दुसरा इतका सुधारला कीं उरलेल्या रोग्यांची शुश्रूषा करण्यास त्यालाच नेमलें. सायडर पिणाऱ्यांस थोडासा उतार पडला. तेजाबाच्या गुळण्यांनीं तोंडें कांहींशीं स्वच्छ झालीं, पण रोग जागचा हलला नाहीं. ही शेवटची बारीकशी नोंद आम्हांला फार मोलाची वाटते. नुसतें तोंड पाहणाऱ्यानें गुळण्यांना श्रेय दिलें असतें. लिंडनें तोंड पाहिलें तसे गुडघे पाहिले, गुडघे पाहिले तसे डागही पाहिले, आणि मग तें औषध बाजूस सारलें.

आजच्या संशोधकास या प्रयोगांत उणीवा दिसतील. एका औषधास दोनच माणसें म्हणजे फारच थोडीं. कोणास कोणतें औषध द्यावयाचें हें लिंडनें स्वतःच ठरविलें. आतां तें चिठ्ठ्या टाकल्यासारखें दैवावर सोंपवितात, म्हणजे वैद्याच्या मनांतील कलास वाव राहत नाहीं. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची परीक्षा इंग्लंडांत याच रीतीनें झाली व तिचा वृत्तांत इ. स. १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला; त्यांत १०७ रोगी होते. पुढें दांत किडूं नयेत म्हणून दंतमंजनांत घातलेलें द्रव्य असो, कीं हृदयविकाराची गोळी असो, सर्वांस हीच कसोटी लागूं झाली. ‘सॉल्झबरी’वरील त्या दिवसाची आठवण म्हणून २० मे हा दिवस हल्लीं अनेक देशांत औषधपरीक्षांचा दिन म्हणून पाळतात.

पण त्या वेळीं काय झालें? कांहीं झालें नाहीं. इ. स. १७४८ मध्यें लिंडनें आरमार सोडलें, एडिंबरोच्या विद्यापीठाची एम्. डी. पदवी घेतली व तेथेंच तो वैद्यकी करूं लागला. इ. स. १७५३ मध्यें त्याचा स्कर्व्हीवरील मोठा ग्रंथ बाहेर पडला व तो त्यानें ॲन्सनलाच अर्पण केला. पूर्वीच्या वैद्यांनीं या रोगावर जें जें लिहिलें होतें तें सर्व त्यानें वाचून त्यांत तपासलें आहे. ही मेहनत साधी नव्हे. परंतु त्या जाड ग्रंथांत बारा खलाशांच्या प्रयोगाला मिळालीं मोजकीं पानें, तींही मधेंच कोठेंतरी. वाचणाऱ्यास तीं सहज निसटावीं.

याचें कारण लिंडच्या मनांतच होतें. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणें त्याचाही समज असा होता कीं समुद्रावरील दमट हवेनें त्वचेचीं रंध्रें बुजतात, घाम कोंडतो आणि शरीरांतील रस नासून स्कर्व्ही होते. फळांचा गुण त्यानें डोळ्यांनीं पाहिला, पण तो या उपपत्तींत बसविला. लिंबू हें त्याच्या मतें घामाचा मार्ग मोकळा करणारें एक उत्तम औषध, एकमेव नव्हे. एखादें द्रव्य अन्नांत नसल्यामुळेंच माणूस आजारी पडूं शकतो, ही कल्पनाच तेव्हां कोणाच्या ध्यानांत नव्हती. एवढ्यासाठीं लिंडला दोष देणें आम्हांला योग्य वाटत नाहीं. जी गोष्ट आज शाळकरी मुलास ठाऊक आहे तिला त्या काळीं नांवसुद्धां नव्हतें.

दुसरी गोष्ट मात्र मनास अधिक लागते. ताजीं फळें जहाजावर टिकत नाहींत, म्हणून त्यानें नारिंगालिंबांचा रस पाण्याच्या वाफेवर कित्येक तास आटवून त्याचा घट्ट पाक करण्याची युक्ति काढली. बाटलींत भरला कीं वर्षानुवर्षें टिकावा असा. हा पाक ताज्या रसाइतकाच गुणकारी असें त्यानें गृहीत धरलें. वास्तविक त्या आंचेनेंच रसांतील बहुतेक गुण नाहींसा होत असे. पुढें इ. स. १७६८ ते १७७१ च्या सफरीवर गेलेल्या कप्तान कुकनें पाकापेक्षां जवाच्या माल्टची अधिक वाखाणणी केली, आणि कुकचा शब्द आरमारखात्यांत फार वजनदार. लिंबू मागें पडलें.

इ. स. १७५८ मध्यें लिंड पोर्टस्मथजवळील हॅस्लर येथील आरमारी रुग्णालयाचा मुख्य वैद्य झाला, व इ. स. १७८३ पर्यंत त्या पदावर राहिला. हें रुग्णालय अवाढव्य होतें. तेथें रोग्यांचे तांडे जहाजांवरून उतरत. नव्या भरतीच्या माणसांना आधीं आंघोळ घालावी, त्यांचे जुने कपडे काढून स्वच्छ कपडे द्यावे, कांहीं दिवस त्यांना वेगळें ठेवावें, मगच जहाजावर पाठवावें, असा त्याचा आग्रह असे. जहाजांवर पसरणारा टायफस ज्वर त्यामुळें आटोक्यांत येई. समुद्राचें पाणी उकळून त्याच्या वाफेपासून गोडें पाणी मिळविण्याची सोपी रीतही त्यानें दाखवून दिली. उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या युरोपियनांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ इ. स. १७६८ चा, हिंदुस्थानांत येणाऱ्यांचाही त्यांत विचार आहे. इ. स. १७९४ च्या जुलैंत तो गॉस्पोर्ट येथें वारला.

त्याच वर्षीं ‘सफोक’ नांवाचें जहाज इंग्लंडहून मद्रासेस निघालें. तेवीस आठवडे तें कोठेंही ताजें अन्न न घेतां चाललें होतें. पण त्यावरील प्रत्येकास रोज थोडा लिंबाचा रस मिळे, आणि मद्रासेस पोंचतांना जहाजावर स्कर्व्हीचा एकही रोगी नव्हता. सर गिल्बर्ट ब्लेन या वैद्यानें, ज्यानें लिंडचा ग्रंथ लक्षपूर्वक वाचला होता, आरमारखात्याकडे नेट लावला, व इ. स. १७९५ मध्यें लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघाला. बारा खलाशांच्या प्रयोगास तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं.

येथें एका शब्दाचा घोटाळा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मराठींत आपण ज्याला लिंबू म्हणतों तें लहान, पातळ सालीचें कागदी लिंबू. लिंडचें फळ तें नव्हे. तें मोठें, लांबट, पिवळें आणि जाड सालीचें. आपल्या भाषेंत दोहोंस एकच नांव, आणि इंग्रज खलाशीही त्यांत फारसा भेद करीत नसत. इ. स. १८६० नंतर आरमारानें भूमध्य समुद्राकडील पिवळें लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधील हिरवें लहान लिंबू घेण्यास सुरुवात केली. त्यांत तो गुण बराच कमी, आणि रस साठवितां साठवितां उरलेलाही जाई. इ. स. १८७५ मध्यें उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या कप्तान नेअर्सच्या तुकडींत स्कर्व्ही पुन्हां उसळली. तेव्हां कित्येक विद्वानांनीं लिंबाचा गुण ही जुनी समजूतच ठरविली.

हा गुंता सुटला तो विसाव्या शतकांत. इ. स. १९०७ मध्यें नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रेलिश यांनीं नुसतें धान्य चारून गिनीपिगांस हा रोग जडवून दाखविला. बहुतेक प्राणी आपल्याला लागणारें तें द्रव्य आपल्या शरीरांतच तयार करतात. गिनीपिगास व माणसास तें करतां येत नाहीं. हंगेरीचे सेंट-ग्योर्गी यांनीं तें द्रव्य वेगळें काढलें व त्यांना इ. स. १९३७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. शरीरांतील पेशींस सांधून ठेवणारे तंतु त्याच्या मदतीनें बनतात. तें नसलें म्हणजे हिरड्या सुटतात, दांत हलतात आणि जुन्या जखमांचे सांधे उसवतात. आपला आवळा त्यानें भरलेला आहे. क जीवनसत्त्व हें त्याचें आपल्याकडील नांव. शास्त्रज्ञ त्यास ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणतात, म्हणजे स्कर्व्ही होऊं न देणारें आम्ल.